दुपारी दोनचं सत्र

फेब्रुवारी उजाडला की आपल्याकडे आंब्याला मोहोर आणि महाविद्यालयांना परिषदा बरोबरच येतात. मोहोराचं कारण हवेत असतं, परिषदांचं ३१ मार्चमध्ये. त्या तारखेच्या आत अनुदान खर्ची पडलं नाही तर ते परत जातं, आणि सरकारचे पैसे सरकारला परत जाणं हा कुठल्याही प्राचार्यांना स्वतःचा पराभव वाटतो. मग परिषदा भरतात. राष्ट्रीय म्हणजे शेजारच्या राज्यातले दोघे आले पाहिजेत. आंतरराष्ट्रीय म्हणजे कुणाचा तरी भाचा अमेरिकेतून पडद्यावर बोलला पाहिजे, आणि ‘आवाज येतोय का?’ हे वाक्य निदान पाच वेळा झालं पाहिजे.

यंदा आमच्या कॉलेजातल्या एका सरांचा निबंध स्पेनमध्ये सांतियागो दे कॉम्पोस्तेलाला लागला आणि माझा चेन्नईतल्या मैलापूरला. सरांच्या निरोपाला पेढे आले. मला ‘तिकडं ऊन फार, छत्री न्या’ एवढा सल्ला मिळाला.

इतिहास शिकवण्याचा एक फायदा असा की मत्सराला संदर्भ जोडता येतात. त्या रात्री मी पुस्तकं काढून बसले. मैलापूरच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात सान थोम वसवलं. पुढं १५८० ते १६४० पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्याच राजाच्या डोक्यावर होता. १६०६ साली पोपनं मैलापूरला स्वतंत्र धर्मप्रांत केलं, तेव्हा तिथल्या पोर्तुगीजांचा राजा म्हणजे स्पेनचा तिसरा फिलिप. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या स्पेनला मीही निघाले होते, फक्त चारशे वर्षं उशिरा. शिवाय सांतियागोचा सगळा डामडौल येशूच्या एका शिष्याच्या थडग्यामुळं. आणि शिष्याच्या थडग्यावर उभं असलेलं चर्च म्हटलं की ख्रिस्ती भाविक तीन नावं घेतात: रोम, सांतियागो आणि सान थोम. हे सगळं मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांना ऐकवलं. त्यांनी मान डोलावून ऐकलं आणि म्हणाले, ‘वा! पण तिकडं व्हिसा लागत नाही ना?’

परिषद होती ‘दक्षिणेतील मराठी’ या विषयावर, मैलापुरातल्या एका जुन्या संस्थेत. माझा निबंध तंजावरी मराठीच्या झिजेवर. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं तेव्हापासून दक्षिणेत उतरलेली मराठी माणसं, १८५५ मध्ये राज्य खालसा झाल्यावर त्यांच्या भाषेचं काय झालं, क्रियापदं कुठं गळली, उच्चार कुठं वाकले, असं सगळं मी कोष्टकांसकट मांडलं होतं. कोष्टकं असली की परीक्षक प्रश्न विचारत नाहीत.

परिषदेत मिळायचं ते सगळं मिळालं. कापडी पिशवी, दुसऱ्या ओळीला बंद पडणारं पेन आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. या ओळखपत्राचा परिणाम विलक्षण असतो. घरी ज्या माणसाला दूधवालाही नावानं ओळखत नाही तो ते गळ्यात घालून फुलांच्या बाजारातून ताठ मानेनं फिरतो. प्रमाणपत्र मात्र समारोपानंतरच, असं पहिल्याच दिवशी जाहीर झालं. प्रतिनिधीला ओलीस धरण्याची ही जुनी युक्ती. सांतियागोलाही प्रमाणपत्र देतात म्हणे, पण त्यासाठी यात्रेकरूनं निदान शंभर किलोमीटर पायी चालावं लागतं. आपल्याकडे समारोपापर्यंत बसावं लागतं. यातलं अवघड कोणतं, यावर दुमत होऊ शकेल.

जेवणाच्या पहिल्या पंगतीला सांबार आलं आणि अपेक्षेप्रमाणं आमच्यातल्या एकानं ती गोष्ट सुरू केली. तंजावरच्या दरबारात संभाजीराजे पाहुणे आले, आमसुलं संपली होती, मग चिंच घातली आणि ‘संभाजी’वरून सांबार. महाराष्ट्रातून चेन्नईला गेलेला माणूस पहिल्या घासाबरोबर ही गोष्ट सांगतोच. यजमान प्राध्यापक शांतपणे ऐकत होते. अशा वेळी पाहुण्याला थांबवायचं नसतं हे त्यांना माहीत असावं. गोष्ट संपल्यावर त्यांनी फक्त आणखी सांबार वाढायला सांगितलं. सांगणाऱ्याला तो पुरावा वाटला.

आमच्यात पुण्याचे एक सर होते. सकाळी कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या माड वीथींतून पहिली फेरी मारतानाच ते थबकले आणि भारावून म्हणाले, ‘अगदी आपली सदाशिव पेठ हो!’ याहून मोठी पदवी त्यांच्या संग्रही नव्हती. खरं सांगायचं तर साम्य होतंही. वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या चार मजली इमारती, तळमजल्यावर पुस्तकांचं किंवा पापडाचं दुकान, उघड्या अंगानं उपरणं टाकून पेपर वाचणारे म्हातारे, आणि प्रश्न विचारल्यावर उत्तराआधी प्रश्नातली चूक सुधारण्याची पद्धत. पण सदाशिव पेठेला दुपारी झोपायला एक कारण लागतं. मैलापूरला तेवढंही लागत नाही.

हे मला पहिल्याच दिवशी उमगलं. जेवणानंतरचं दोनचं सत्र ही परिषदेतली पवित्र वेळ. अध्यक्षांचे डोळे मिटलेले, दिवे मंद, पडद्यावर कोष्टक, आणि दाराजवळच्या खुर्चीवरचा माणूस हळूच नाहीसा झालेला. तो माणूस मी. मोठ्या चतुराईनं निसटून कपालीश्वराच्या देवळापाशी गेले तर दार बंद. देव दुपारी बारा-साडेबाराला जातात ते चारला येतात. फुलवालीसुद्धा टोपलीवर ओलं फडकं टाकून पेंगत होती. सगळ्या गावात जागं कुणी असेल तर आमच्या सत्रातला वक्ता, आणि त्याला दुसरा इलाज नव्हता.

मग कचेरी रोडनं समुद्राकडं चालत निघाले. त्यातला निम्मा रस्ता मेट्रोच्या पत्र्यांनी गिळलेला, उरलेल्या निम्म्यावर दुचाकी, रिक्षा आणि मी. वाटेत डब्बा चेट्टी नावानं ओळखलं जाणारं काष्ठौषधींचं जुनं दुकान लागलं. सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध यांचा वास रस्त्यावरच्या डिझेलला पुरून उरत होता. रस्ता संपतो तिथं सान थोमचा पांढराशुभ्र मनोरा. चर्च मात्र उघडं होतं. तळघरातल्या थडग्यापाशी गुडघे टेकलेल्या एक बाई मोगऱ्याचा गजरा माळून आल्या होत्या आणि हातात नारळाची पिशवी होती. चर्चच्या मागं समुद्राच्या बाजूला एक खांब आहे. तो थॉमस संतानं रोवला आणि समुद्राला सांगितलं, याच्या अलीकडं यायचं नाही, अशी श्रद्धा. २००४ च्या त्सुनामीत समुद्रानं ते ऐकलं, असं तिथले लोक सांगतात.

मैलापूरचं मूळ देऊळही असंच समुद्रकाठी होतं आणि पोर्तुगीजांच्या काळात ते गेलं, अशी इथली परंपरा. आजचं देऊळ आत सरकून नंतर बांधलेलं. त्यापुढचं तळं ज्या जमिनीवर आहे ती आर्काटच्या नवाबानं दिली आणि म्हणून मोहरमला मुसलमानांचा त्या पाण्यावर हक्क, हेही इथं सहज सांगतात. मला मात्र वेगळीच गंमत वाटली. ज्याच्याकडं मान वर करून आपण ‘केवढं प्राचीन!’ म्हणतो ते देवळाचं सदतीस मीटर उंच गोपूर बांधलं १९०६ मध्ये. जुनं चर्च पाडून आजची गॉथिक इमारत पुरी झाली १८९६ मध्ये. म्हणजे दोन्ही शिखरं दहा वर्षांच्या अंतरानं जन्मलेली आणि दोन्ही आमच्या पुण्याच्या सरांच्या फर्ग्युसन कॉलेजपेक्षा लहान. हे त्यांना सांगितलं तर इतके खूश झाले की त्यांनी काळत्तीच्या दुकानात मला रोझ मिल्क पाजलं. ते मुळात वर्तमानपत्रांचं दुकान. पेपर घ्यायला येणारे किती आणि गुलाबी पेल्यासाठी येणारे किती, ते तिथल्या गर्दीकडे पाहून कळतं.

डोकं मात्र दुखायला लागलं होतं, उन्हानं की बीजभाषणानं ते सांगता येणार नाही. लझ भागात एक मोठी सावलीची बाग आहे, नागेश्वर राव यांच्या नावाची. हे नागेश्वर राव म्हणजे अमृतांजनचे जनक. आंध्रातला माणूस, बाम सुरू केला १८९३ मध्ये आपल्या मुंबईत, आणि मग मद्रासला येऊन इथलाच झाला. खंडाळ्याच्या घाटातला जुना पूल या बामच्या जाहिरातीमुळं अमृतांजन पूल झाला आणि २०२० मध्ये पाडेपर्यंत त्याच नावानं राहिला. त्याच १८९३ मध्ये शिकागोची सर्वधर्मपरिषद भरली. परिषद आणि डोकेदुखीचं औषध एकाच सालातले, यात मी उगाच काही जोडत नाही.

शिकागोचं निघालंच आहे तर सांगते. जगातल्या सर्वांत गाजलेल्या प्रतिनिधीची तयारी याच भागात झाली. १८९३ च्या सुरुवातीला विवेकानंद मद्रासला सान थोममध्ये मन्मथनाथ भट्टाचार्य यांच्या घरी उतरले होते. आळसिंगा पेरुमाळ नावाच्या शाळामास्तरानं दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. तोच प्रवासभत्ता. आणि प्रतिनिधी शिकागोला पोचला तेव्हा जवळ ओळखपत्र नव्हतं, नोंदणीची मुदत टळून गेली होती. पुढं हार्वर्डच्या प्राध्यापक राइट यांच्या पत्रानं काम झालं. आजच्या संयोजकांनी त्यांना आधी ऑनलाइन अर्ज भरून या म्हटलं असतं.

पण माझ्या मनातली मैलापूरची परिषद ही नव्हे. ती आणखी नऊ वर्षं आधीची.

सर टी. माधवराव हे नाव आपल्याकडे बडोद्यामुळं माहीत. मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर १८७५ मध्ये त्यांना दिवाण म्हणून आणलं आणि लहानग्या सयाजीरावांचं राज्य त्यांनी सांभाळलं. त्याआधी त्रावणकोर, मग इंदूर. मूळचे कुंभकोणमचे तंजावरी मराठी. निवृत्त होऊन मद्रासला येऊन राहिले आणि पेन्शनीत जे करायचं ते मनसोक्त केलं, म्हणजे ‘नेटिव्ह थिंकर’ अशा टोपणनावानं वर्तमानपत्रांत लिहायला लागले. जर्मनीच्या आफ्रिकेतल्या उद्योगांवर त्यांनी एक लेख लिहिला आणि त्याची प्रत थेट बिस्मार्कला धाडली. बिस्मार्ककडून पोचही आली. पेठेतल्या कुठल्याही पेन्शनराचं हे स्वप्न असतं.

त्यांचे नातलग दिवाणबहादूर आर. रघुनाथराव. तेही तंजावरी मराठी, तेही इंदूरचे दिवाण, आणि विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते. राहायला मैलापूर. डिसेंबर १८८४ मध्ये मद्रासच्या अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीचं अधिवेशन झालं. अधिवेशनात व्हायचं ते झालं, ठराव झाले, आभार झाले. ते संपल्यावर सतरा माणसं मैलापूरला रघुनाथरावांच्या घरी जमली आणि देशासाठी काही संघटना काढावी असं बोलणं झालं. अ‍ॅनी बेझंटबाईंनी काँग्रेसचा इतिहास लिहिला तेव्हा या बैठकीचा मान मोठा धरला. वर्षभरानं काँग्रेस भरली ती खरं तर पुण्यात भरायची होती, पण तिथं कॉलरा पसरला म्हणून मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवली. या बैठकीनंच काँग्रेस जन्मली की अनेकांच्या अनेक खटपटींतून, यावर इतिहासकार वाद घालतात, आणि त्यांनी तो घालावा, त्यासाठीच परिषदा आहेत. मला फक्त एवढंच दिसतं की अड्यारच्या व्यासपीठावर कोण काय बोललं ते आज कुणाला आठवत नाही. लोकांना आठवते ती परिषद संपल्यावर एका मराठी माणसाच्या घरी झालेली गप्पांची बैठक. त्या सतराजणांना चहा मिळाला की कॉफी, एवढी नोंद कुणी करून ठेवायला हवी होती.

शेवटच्या दिवशी सकाळी पुण्याच्या सरांनी रायर मेसचा शोध लावला. अरुंडेल स्ट्रीटच्या बोळात एक अरुंद खोली, चार-सहा टेबलं, बाहेर वाट पाहणारी माणसं. पदार्थांची यादी नाही, जे त्या वेळी असेल ते समोर येतं. आमच्यासमोर इडल्या आल्या, त्यांवर चटणी ओतली गेली, मग वडा आला. आणखी एक घ्यावा की नाही यावर आमची मराठीत सविस्तर चर्चा चालू असताना शेजारी बसलेले वेष्टीतले गृहस्थ बोटं पुसत स्वच्छ मराठीत म्हणाले, ‘घ्या. पंधरा मिनिटांनी विचाराल तर मिळणार नाही.’

कपाळाला अंगार-अक्षता, नाव रावांतलं, बँकेतून निवृत्त, उच्चाराला तमिळ हेल. आम्ही आमची ओळखपत्रं दाखवली. त्यांनी चष्मा वर करून परिषदेचं नाव वाचलं आणि विचारलं, ‘दक्षिणेतील मराठी? मग आम्हाला बोलावलं नाही?’ पुण्याच्या सरांनी वड्यात तोंड घातलं. काका मात्र रागावले नव्हते. दुपारी घरी या म्हणाले, बायकोला मराठी बोलायला माणूस मिळत नाही.

दुपारी म्हणजे समारोपाची वेळ. सरांनी माझ्याकडं पाहिलं, मी सरांकडं. प्रमाणपत्र नाशिकच्या एका मॅडमवर सोपवून आम्ही निघालो.

वाटेत काकूंसाठी गजरा घ्यायला थांबलो. इथं फुलवाली दोरा स्वतःच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत धरून मोजते, त्यामुळं गजऱ्याची लांबी विकणारीच्या हातावर ठरते. अनुभवी गिऱ्हाइकं उंच बाई शोधतात, असं मागून सरांनी निरीक्षण नोंदवलं.

घर दुसऱ्या मजल्यावर. दारात सकाळचं कोलम पुसट झालेलं, भिंतीवर मंत्रालयाचे राघवेंद्रस्वामी, त्यांच्याखाली पंढरपूरचा विठोबा. काकू नऊवारीसारखं पण आपली नऊवारी नव्हे असं मडिसार नेसल्या होत्या. ‘या, बसा’ म्हणाल्या आणि मग बोलतच राहिल्या. वाक्यं बखरीतल्यासारखी ऐसपैस, मध्येच एखादा तमिळ शब्द, शेवटचा स्वर लांबवलेला. महाराष्ट्रात त्या एकदाच गेल्या होत्या, पंढरपूरला. विठोबा कसा आहे असं त्यांनी मला विचारलं, घरातल्या थोरल्या माणसाची तब्येत विचारावी तसं. बरा आहे म्हटलं. गर्दी फार असते म्हटलं. ‘म्हणजे त्यालाही विश्रांती नाही,’ म्हणाल्या.

पितळेच्या दवऱ्यात टंबलर आला. काकांनी कॉफी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून दाखवली, थेंब सांडला नाही. मग वाटीत डांगर पच्चडी आली, उडदाच्या पिठाची, दह्यातली, वर मोहरीची फोडणी, आणि शेजारी भातावर घालायला मेतकूट. तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून निघताना या लोकांनी सोबत काय बांधून घेतलं होतं ते मला पहिल्यांदाच नीट कळलं. माझ्या निबंधाच्या संदर्भसूचीत मेतकूट कुठंच नव्हतं. मी कृती लिहून घेतली.

त्यांचा नातू कानाला यंत्र लावून बाहेरच्या खोलीत संगणकावर काम करत होता. त्याला मराठी येत नाही. पण तो गाणं शिकतो, आणि कर्नाटक संगीताच्या मैफिलीत शेवटाला अभंग म्हणायची पद्धत इथं रुळलेली असल्यामुळं तुकोबांचे पुष्कळ अभंग त्याला पाठ आहेत. आजीनं सांगितल्यावर त्यानं यंत्र काढलं, एक अभंग अर्ध्यापर्यंत म्हटला, अर्थ विचारला तर आजीकडं बोट केलं आणि पुन्हा कामाला लागला. त्याचा ‘ळ’ आमच्या कॉलेजातल्या अर्ध्या मुलांपेक्षा सरस होता.

निघायच्या आधी मी आमच्या परिषदेबद्दल बरंच बोलले. सेशन, टॉपिक, रिस्पॉन्स. काकू लक्ष देऊन ऐकत होत्या. मग नवऱ्याकडं वळून तमिळमध्ये हलक्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. काका थोडे संकोचले. पुण्याच्या सरांनी आग्रह धरल्यावर त्यांनी सांगितलं, ‘ती म्हणते, बाई चांगल्या आहेत. पण मराठीत मध्ये मध्ये इंग्लिश-हिंदी फार येतं. तिकडं घरी बोलायला कुणी नाही का त्यांना? तिकडं मराठी राहील ना?’

माझ्या पिशवीत तंजावरी मराठीच्या झिजेवरचा निबंध होता, कोष्टकांसकट. मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

जिना उतरेपर्यंत काका सांगत होते, तुम्ही पंगुनी महिन्यात यायला हवं होतं, त्रेसष्ट नायन्मार संतांच्या मूर्ती पालख्यांतून निघतात, रस्तोरस्ती ताक वाटतात, मुंगीला जागा नसते. कुठल्याही गावी गेलं की यजमान निरोप देताना हेच सांगतात, तुम्ही तीन आठवड्यांनी आला असतात तर. परिषदा नेमक्या त्याच्या तीन आठवडे आधी असतात.

कोल्हापूरला परत आले. ‘स्पेनचे सर’ अजून फोटो दाखवत होते. मी प्रवासभत्त्याचं बिल घेऊन ऑफिसात गेले. आमचे हेडक्लार्क भाऊ कागद डोळ्यांजवळ धरून वाचतात.

‘मॅडम, शेवटच्या दिवशी दुपारची रिक्षा. समारोप तर जिथं उतरलात तिथंच होता.’

‘परिषदोत्तर बैठक होती,’ मी म्हटलं. ‘मैलापुरात ती पद्धत आहे. १८८४ पासून.’

‘बैठक असेल तर इतिवृत्त जोडावं लागेल.’

पर्समध्ये हात घातला तर डांगर पच्चडीची कृती निघाली. तीच दिली. भाऊंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, उडदाचं पीठ कोरडं भाजायचं की तेलावर एवढं विचारून घेतलं, घरी दाखवायला एक झेरॉक्स काढली, आणि बिलावर शेरा मारला: ‘इतिवृत्त पाहिले. रिक्षा मंजूर.’